नकटी जिथे बसली

आमच्या हॉस्पिटलात मावशी पुष्कळ होत्या, पण नुसतं ‘मावशी’ म्हटलं की सगळ्यांच्या डोळ्यांपुढे एकच यायच्या, वॉर्ड सातच्या. बुटक्या, अंगानं काटक, बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या. बावीस वर्षं त्यांनी तो एकच वॉर्ड पुसला. फरशी ओली असताना डॉक्टर राउंडला आले तर मावशी दारात मॉप आडवा धरून उभ्या राहायच्या. “दोन मिनिटं थांबा. घसरलात तर तुम्हालाच इथे झोपवावं लागेल, आणि खाट रिकामी नाहीये.” भलेभले सर्जन शाळकरी पोरांसारखे दाराबाहेर ताटकळलेले मी पाहिलेत.

मी त्याच हॉस्पिटलात इन्फेक्शन कंट्रोलची नर्स. कुठल्या वॉर्डात कुठला जंतू फिरतोय, तो कुठून आला, कशावरून पसरला, हे शोधायचं माझं काम. लोक तोंडावर मला सिस्टर म्हणत आणि माघारी ‘हात-धुवा-बाई’. ही हकिगत मावशींची आहे, पण तिच्यात एका कागदावर माझी सही आहे. ते आधीच सांगितलेलं बरं.

मावशींचे यजमान शिवणयंत्रं दुरुस्त करायचे. राहत्या घराच्या पुढच्या खोलीतच त्यांचं दुकान होतं. आम्ही सगळे त्यांना मशीनवाले काका म्हणायचो. संध्याकाळी मावशींना न्यायला यायचे तेव्हा बोटांना तेलाचा वास असायचा आणि खिशात कुठलातरी स्क्रू. बायकोची थट्टा करण्यात त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं. “हिच्या घरात माशीसुद्धा पाय पुसून आत येते,” असं ते आम्हाला सांगायचे, आणि मावशी खोट्या रागानं म्हणायच्या, “अहो, पुरे आता.” एकुलती एक लेक शाळेत गणित शिकवायची. लग्न होऊन गावाच्या दुसऱ्या टोकाला राहायची, पण दर रविवारी आईबाबांकडे हजर. बापलेकीचं फार गूळपीठ. तासन्‌तास कोडी सोडवत बसायचे दोघं.

एके दिवशी वरच्या फळीवरचं जड मशीन उतरवताना काका स्टुलावरून पडले. खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन आमच्याकडेच झालं आणि त्यांना वॉर्ड सातच्या तीन नंबरच्या खोलीत ठेवलं. ती खोली दुसऱ्या कुणीतरी पुसावी असं मेट्रन म्हणाल्या. मावशींनी ऐकलं नाही. “माझ्या नवऱ्याची खोली मी दुसऱ्याच्या हाती देऊ होय?”

व्यायाम शिकवायला येणाऱ्या बाईंनी बजावलं होतं की काकांनी बुटक्या खुर्चीवर बसायचं नाही, बसल्यावर गुडघा खुब्याच्या वर जाता कामा नये. खोलीतली खुर्ची बुटकी होती. मावशींनी अख्खा वॉर्ड धुंडाळला. सकाळीच रिकाम्या झालेल्या आठ नंबरच्या खोलीत त्यांना एक उंच खुर्ची सापडली. हिरवं रेक्झिन, रुंद हात, पाठ सरळ. ब्लीचच्या पाण्यानं त्यांनी ती दोनदा पुसली, उन्हाच्या खिडकीशी वाळवली आणि काकांच्या खोलीत नेऊन ठेवली. काका त्या खुर्चीत बसले आणि म्हणाले, “आता कसं साहेबासारखं वाटतंय!” मग सवयीनं त्यांची बोटं कडेवरून फिरली. “मागची शिवण उसवलीय गं हिची. घरी गेलो की मशीनवर मारून देतो.” तोवर काम भागावं म्हणून मावशींनी त्या फटीवर पांढरी चिकटपट्टी लावली. हे सगळं मला खूप नंतर कळलं.

जखमेतून पाणी येत होतं म्हणून काकांना अँटिबायोटिक चालू केलं. सहाव्या दिवशी जुलाब लागले. आतड्याचा एक चिवट संसर्ग असतो. औषधानं पोटातले चांगले जंतू मेले की तो रिकाम्या घरात घुसावा तसा घुसतो. त्याचा जंतू अंगाभोवती कवच करून घेतो, मग हाताला चोळायच्या जेलनं तो मरत नाही. साबणपाण्यानं धुवावा लागतो, नाहीतर ब्लीचनं मारावा लागतो, आणि कोपऱ्यात राहिला तर महिनोन्‌महिने तग धरतो. काका आधीच अशक्त झाले होते. अठराव्या दिवशी दुपारी, लेक शाळेतून निघून वाटेत असताना, ते गेले. मावशी त्यांचे पाय पुसत होत्या. पाय पुसून झाले, टॉवेल घडी करून ठेवला, वर पाहिलं, तर श्वास नव्हता.

त्याच महिन्यात वॉर्डातले आणखी दोघं आजारी पडले. एक आजी बऱ्या होऊन घरी गेल्या. दुसरे गृहस्थ गेले.

चौकशी लागली. मी चाळीस ठिकाणांहून स्वॅब घेतले. खाटेचे दांडे, नळ, दाराच्या मुठी, संडास, कमोड खुर्ची, सगळं. हिरव्या खुर्चीच्या हातांवरूनही बोळा फिरवला होता. फक्त हातांवरून. चाळीसच्या चाळीस स्वच्छ आले. पण मीटिंगमध्ये बसलेल्या लोकांना ‘माहीत नाही’ हे उत्तर चालत नाही. तीन वेळा मला विचारलं गेलं. शेवटी मी लिहिलं, ‘साफसफाईतील हलगर्जीपणा हे संभाव्य कारण दिसते.’ ‘संभाव्य’ या शब्दाआड मी लपले. बाकी कुणी तो शब्द वाचला नाही. मावशींना तळघरातल्या लाँड्रीत पाठवलं.

अहवालाची एक प्रत लेकीला गेली, कारण चौकशीचा अर्ज तिनंच केला होता. तिनं तो वाचला आणि आईला फोन लावला.

“आई, बाबांची खोली रोज तूच पुसत होतीस ना?”

“हो.”

“मग?”

लेकीनं फोन ठेवला आणि रविवारी आली नाही. पुढच्याही नाही.

चौदा महिने असेच गेले. लाँड्रीत मावशी चादरींच्या घड्या घालायच्या. जिन्यात माझी गाठ पडली तर भिंतीकडे सरकून मला वाट द्यायच्या. एक शब्द बोलल्या असत्या, चार शिव्या घातल्या असत्या, तर मला सोपं गेलं असतं. इकडे वॉर्ड सातमध्ये दोन-तीन महिन्यांआड एखादा रुग्ण त्याच जुलाबानं आजारी पडतच होता. मावशी वॉर्डातून गेल्या, नवी माणसं आली, ब्लीच दुप्पट झालं, तरी आजार हटेना. तेव्हाच मी माझा अहवाल पुन्हा काढून वाचायला हवा होता. वाचला तो उशिरा.

मग हवालदार आणि नकटी आले.

हवालदार म्हणजे पोलिसांच्या श्वानपथकातून निवृत्त झालेले गृहस्थ. चोर आणि स्फोटकं हुंगणारे कुत्रे त्यांनी आयुष्यभर शिकवले होते. आता त्यांनी या जंतूचा वास ओळखणारी कुत्री तयार केली होती. तांबूस रंगाची, लोंबत्या कानांची, मध्यम चणीची. लहानपणी भांडणात नाकपुडीचा तुकडा गेलेला, म्हणून नाव नकटी. “नाव ठेवलं तेव्हा कुठे माहीत होतं, हिच्याच नाकावर पोट भरायचंय,” असं ते ओळख करून देताना सांगायचे. शिकवणी सोपी वाटली तरी वर्षभराची होती. भोकं पाडलेल्या दहा डब्या मांडायच्या, एकीत जंतूच्या वासाचा बोळा. नकटीनं त्या डबीपुढे बसायचं. बरोबर बसली की गाठ मारलेला मोजा मिळायचा, चावायला. त्या मोज्यासाठी ती जीव टाकायची. रुग्णांना ती शिवत नसे. वस्तू, फटी, कोपरे हुंगत पुढे जायची, आणि वास लागला की गप्प बसायची.

दुसऱ्याच दिवशी मावशी माझ्या खोलीच्या दारात. चौदा महिन्यांत पहिल्यांदा.

“कुत्रीच्या मागून पुसायला माणूस लागेल ना?”

“लागेल,” मी म्हटलं.

“मग मला घ्या.”

तिथेच बसलेल्या हवालदारांनी त्यांना वरपासून खालपर्यंत पाहिलं. “कुत्र्याची भीती नाही ना वाटत?”

“भीती कसली! तिचे पाय पुसलेत का, ते सांगा आधी.”

हवालदार मोठ्यानं हसले. मला हसू आलं नाही.

काम ठरलं. सरावाच्या डब्या लपवायच्या मावशींनी, नकटी बसेल ती जागा उघडून धुवायची मावशींनी. पहिल्याच आठवड्यात नकटी एका कमोड खुर्चीच्या चाकाशी बसली. चाक काढलं तर आसाभोवती घाण. एकदा पडद्याच्या खालच्या दुमडीशी बसली. एकदा रक्तदाब मोजायच्या पट्ट्याशी. स्वॅब घेतले, तिन्ही ठिकाणी जंतू निघाला. माझ्या चाळीस बोळ्यांना जे दिसलं नव्हतं ते त्या अर्ध्या नाकाला मिनिटात दिसत होतं. लहानसहान चुका तीही करायची. एकदा एका आजींच्या पिशवीतल्या बिस्किटांपुढेच बसली, तेव्हा हवालदारांनी कपाळाला हात लावला.

एक दिवस मावशी अडगळीच्या खोलीतून आपली जुनी बादलीगाडी ढकलत घेऊन आल्या. मॉप, बादली, पिळायचा दांडा, सगळं जसंच्या तसं.

“हवालदार, हिला हेही हुंगायला सांगा.”

“मावशी, हे वर्षभर वापरात नाही,” मी म्हटलं. “आता यात काही निघालं नाही तरी तेव्हा नव्हतं असं म्हणता येत नाही.”

“ते मला कळतं. तरी हुंगू दे.”

नकटीनं बादलीभोवती एक फेरी मारली, मॉपशी क्षणभर थबकली आणि शेपटी हलवत पुढे गेली. मावशी दांडा धरून तशाच उभ्या राहिल्या. मग पदराच्या टोकानं कुणाला दिसणार नाही असं डोळ्याचं पाणी टिपलं आणि बादली परत ठेवून आल्या. त्या दिवशी जेवताना त्या हवालदारांशी बोलल्या, काकांची एक जुनी थट्टा सांगितली. मला वाटलं, बाई हळूहळू माणसांत येतेय.

तीन दिवसांनी नकटी वॉर्ड सातच्या अकरा नंबरच्या खोलीत शिरली. खाट रिकामी होती. खिडकीशी हिरवी खुर्ची. नकटीनं खुर्चीचा पाय हुंगला, हात हुंगला, मग मागे गेली आणि मान वाकडी करून बैठकीच्या मागच्या कडेशी नाक खुपसलं. आणि बसली.

हवालदारांनी तिला मोजा दिला. मी हातमोजे घालून खुर्ची उलटी केली. मागची शिवण वीतभर उसवली होती आणि आतला स्पंज काळसर, दमट. बाहेरून कितीही ब्लीच फिरवा, त्या स्पंजापर्यंत पोचणार नव्हतं. उलट जे वरून सांडेल ते सगळं तो आत पिऊन घेत असणार, आणि कुणी बसलं की थोडंथोडं बाहेर देत असणार. उत्तर सापडलं म्हणून मला आनंद झाला, खोटं कशाला बोलू. “मावशी, बघा! तुमच्या पुसण्यात काही नव्हतं. या खुर्चीत होतं!”

मावशी खाली वाकून शिवणीकडे पाहत होत्या. फटीच्या एका टोकाला पांढऱ्या चिकटपट्टीचा पिवळा पडलेला तुकडा अजून चिकटून होता.

“ही पट्टी मी लावलीय,” त्या म्हणाल्या.

मग त्या फरशीवर बसल्या आणि सगळं सांगितलं. बुटकी खुर्ची, आठ नंबरची खोली, दोनदा पुसणं, साहेबासारखं वाटतंय म्हणणारे काका. “मीच आणली हो ती. माझ्या हातानं ओढत आणली. ते म्हणाले होते शिवण उसवलीय. मी पट्टी लावली आणि म्हटलं, झालं.” नकटी मोजा टाकून त्यांच्याजवळ आली. हवालदारांनी तिला मागे ओढलं नाही.

मी माहिती काढली. काकांच्या आधी आठ नंबरमध्ये जे रुग्ण होते त्यांनाही घरी गेल्यावर तोच आजार झाला होता. नोंद दुसऱ्या हॉस्पिटलात होती, आमच्यापर्यंत आलीच नव्हती. पण खुर्चीतला जंतू चौदा महिन्यांपूर्वीचा की नंतरच्या कुणाचा, काकांना तो खुर्चीतूनच लागला की नळाच्या मुठीवरून की एखाद्या डॉक्टरच्या हातून, हे आता कुणीही सांगू शकत नव्हतं. मी मावशींना तसं स्पष्ट सांगितलं. “अंदाज आहे. खात्री नाही, कधीच होणार नाही.”

“खात्री नाही म्हणजे मी नाही, असंही नाही ना?”



मी नवा अहवाल लिहिला. साफसफाईत कसूर नव्हती, आधीचा निष्कर्ष चुकीचा होता, तो मी काढला होता, असं स्पष्ट लिहिलं. मावशींनी तो टेबलाशी उभ्यानंच वाचला. मी माफी मागू लागले तर म्हणाल्या, “तुम्ही ‘संभाव्य’ लिहिलं होतं, सिस्टर. मी वाचलं होतं ते.” आणि मग, “खुर्ची तिथे कुणी नेली, ते यात नाहीये.”

“त्याची गरज नाही. कुणीही नेली असती. खुर्ची तुटकी ठेवली ती हॉस्पिटलची चूक.”

“लेकीला प्रत जाईल ना?”

“जाईल. ती येईल बघा आता.”

“मग तिला मीच सांगेन.”

“मावशी, नका सांगू,” मी अक्षरशः हात जोडले. “कशासाठी? सिद्ध तर काहीच होत नाही.”

त्यांनी अहवालाची घडी घातली, चादरीची घालायच्या तशी, कडेला कड जुळवून. “ती गणिताची बाई आहे, सिस्टर. अर्धं उदाहरण तिच्या हातात देऊ?”

लेक आली. मावशींनी मलाही घरी बोलावलं होतं, जंतूबद्दल तिनं विचारलं तर सांगायला. दुपारची वेळ. पुढच्या खोलीत शिवणयंत्रं ओळीनं झाकून ठेवलेली. लेक चप्पलसुद्धा न काढता आत आली आणि आईच्या गळ्यात पडली. “आई, मी काय केलं गं! वर्षभर तुझं तोंड नाही पाहिलं. मला माफ कर.” ती हमसून हमसून रडत होती. मावशी तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिल्या, बराच वेळ. मला वाटलं, आता नाही सांगणार. देवा, नको सांगू दे.

“बस,” मावशी म्हणाल्या. “पाणी पी. मला तुला एक सांगायचंय.”

त्यांनी सांगितलं. काही वगळलं नाही, काही वाढवलं नाही, रडल्याही नाहीत. लेक ऐकत होती. मी मध्येच म्हटलं, “हे नक्की नाहीये. खुर्चीतूनच लागलं असं कुणीही...” तिनं हात वर करून मला थांबवलं.

“त्यांनी सांगितलं होतं? उसवलीय म्हणून?”

“हो.”

“आणि तू पट्टी लावलीस.”

“हो बाळा.”

लेक उठली. पाण्याचा पेला तसाच भरलेला. “मला आत्ता काहीच सुचत नाहीये, आई. मी तुझ्यावर रागावले नाहीये. खरंच नाही रागावले. पण मला इथे बसवत नाहीये.” दारात ती थांबली, काहीतरी म्हणायला तोंड उघडलं आणि नुसतं म्हणाली, “जाते.” आपल्यात ‘येते’ म्हणून निघतात. तिच्या ते लक्षातही आलं नसेल. मावशींच्या आलं.

त्यानंतर मावशींनी नकटीबरोबर अडीच वर्षं काम केलं. हॉस्पिटलातली फाटकी खुर्ची, उसवलेली गादी, चिरलेलं रेक्झिन त्यांनी एकेक करून बाहेर काढायला लावलं. मॅनेजर कुरकुरले तर त्यांच्या केबिनमध्ये जाऊन त्यांचीच खुर्ची उलटी करून पाहिली. वॉर्ड सातमधला तो आजार पहिल्या वर्षी निम्म्यावर आला, दुसऱ्या वर्षी जवळजवळ थांबला. नव्या मुली कामाला लागल्या की मावशी त्यांना शिवणी चाचपायला शिकवायच्या. “वरून चमकतंय ते बघू नका. बोट घाला.” निवृत्तीच्या दिवशी मोठ्या डॉक्टरांनी भाषण केलं, शंभरेक माणसांचे जीव वाचले असतील असं म्हणाले. मावशी खाली मान घालून ऐकत होत्या. शंभरांत एक कमी होता, आणि तो कोण हे त्या सभागृहात मावशींना, मला आणि हवालदारांनाच माहीत होतं.

मी अजून अधूनमधून त्यांच्याकडे जाते. लेक हल्ली रविवारी सकाळी फोन करते. दहा मिनिटं. नातवाचा खोकला, पाणी कधी येतं, शाळेतल्या परीक्षा. मावशी साडेआठपासून फोनजवळ बसतात. गेल्या रविवारी मी तिथेच होते. बोलता बोलता मावशी म्हणाल्या, “काल एक बाई मशीन घेऊन आल्या होत्या, म्हटलं, आता कुणी नाही करायला. तुझे बाबा असते तर...”

पलीकडून काय आलं ते मला ऐकू आलं नाही. दहातली चारच मिनिटं झाली होती.

“हो का? दार वाजतंय? बरं बरं,” त्या म्हणाल्या. “जा, उघड. ठेव बाळा.”

मग त्यांनी मला विचारलं, चहा टाकू का.